हळदीलाही फूल येते

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास फुलांचे मोठे प्रदर्शन भरते. ज्या घरात वर्षभर तुळशीखेरीज कुंडीत काही उगवत नाही, त्या घरातली माणसेही त्या दिवसांत तिकीट काढून आत जातात. गुलाबांपुढे थबकतात, मुलांना कडेवर घेऊन ताटाएवढा डेलिया दाखवतात आणि परतताना एक तरी रोप पिशवीत घालून आणतात. त्यातली बरीचशी रोपे मार्चच्या उन्हात मान टाकतात. पण पुढच्या जानेवारीत पुन्हा तोच उत्साह आणि पुन्हा तीच पिशवी. फुलांचे प्रदर्शन म्हणजे शहरातल्या माणसाने वर्षातून एकदा मातीशी केलेली दिलजमाई असते.

आम्ही मंडळी सेनगावची. हिंगोली जिल्ह्यातला हा तालुका सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि हळद यांचा. आमच्याकडे फूल म्हटले, की पहिला प्रश्न येतो, 'किती किलो?' देवाला वाहायचे, तोरणाला लावायचे, लग्नाच्या मांडवात टांगायचे आणि मयताच्या अंगावर घालायचे, एवढी फुलांची कामे. त्यापलीकडे फूल नुसते बघायला पैसे मोजायचे, ही कल्पनाच गावाकडे थट्टेची. त्यामुळे गेल्या जानेवारीत मी चुलत्यांना, म्हणजे आमच्या तात्यांना, 'प्रदर्शनाला येता का?' असे विचारले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. तात्यांची लेक हडपसरला दिली आहे. तिच्याकडे आम्ही दोघे उतरलो होतो. "फुलं बघायला तिकीट?" ते म्हणाले, "आपल्या बांधावर काय कमी हाईत का?" पण लेकीने डोळे वटारले आणि तात्या टोपी नीट करून निघाले.

त्या दोन-अडीच तासांत मी फुलांइतकेच तात्यांनाही पाहत होतो. पंचेचाळीस वर्षे शेती केलेला माणूस फुलांच्या प्रदर्शनात काय पाहतो, हा माझ्या दृष्टीने फुलांहून मोठा विषय होता.

एक बाटली, एक फूल

रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन ही सुमारे ३९ एकरांची जुनी बाग. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणू लागल्यानंतर बागेला हे नाव मिळाले. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ती सांभाळते. आत शिरल्यावर पहिल्यांदा लक्ष वेधून घेतात ती फुले नव्हेत, तर झाडे. आभाळाला भिडलेली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली. त्यांच्या सावलीत मांडव घातलेले, आणि मांडवांत टेबलांच्या लांबच लांब रांगा.

पहिल्या रांगेत गुलाब. एका बाटलीत एक दांडी, एका दांडीवर एक फूल. बाटलीखाली चिठ्ठी. तीवर स्पर्धेच्या वर्गाचा क्रमांक, गुलाबाच्या जातीचे नाव आणि नंबर आला असेल तर तो. शेजारच्या बाटलीत तसाच दुसरा, तिच्या शेजारी तिसरा. परीक्षक येऊन गेलेले असतात. त्यांनी काय पाहिले, हे एका जाणत्या स्वयंसेवक बाईंनी आम्हाला समजावून सांगितले. फूल पूर्ण उमललेले चालत नाही. अर्धे ते पाऊण उमललेले हवे, म्हणजे त्याचा आकार सगळ्यांत देखणा असतो. पाकळ्या मधल्या बिंदूभोवती सारख्या फिरलेल्या हव्यात. रंग उडालेला नको, कड करपलेली नको. दांडी सरळ आणि फुलाला पेलणारी हवी. पानेही पाहतात. पानावर काळा डाग दिसला, की गुण गेले. दांडीला तार लावून आधार दिला, तर फूल बादच!

तात्या ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे बैल बाजारात बैल पाहावा तसंच की. शिंग, खूर, वशिंड, चाल." बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच, काका."

मला त्या चिठ्ठीवरच्या नावांनी धरून ठेवले. आपण 'लाल गुलाब', 'पिवळा गुलाब' म्हणून मोकळे होतो. तिथे प्रत्येकाला नाव होते. आपल्या शेतांत वर्षानुवर्षे लावला गेलेला लाल 'ग्लॅडिएटर' हा मूळचा अमेरिकेतला. आपल्या देशात तयार झालेल्या पांढऱ्या गुलाबांत 'डॉ. होमी भाभा' हे एक मानाचे नाव. तो तयार केला डॉ. बी. पी. पाल यांनी. हे पाल कोण? तर तांबेरा रोगाला दाद न देणारे गव्हाचे वाण काढणारे शास्त्रज्ञ, आणि पुढे १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. दिवसभर गहू आणि फावल्या वेळात गुलाब. पोटासाठी पीक आणि डोळ्यांसाठी फूल, अशी वाटणी त्या माणसाने केलीच नव्हती. दोन्हींकडे तो एकाच नजरेने पाहत होता. ही गोष्ट मी तात्यांना सांगितली. ते बराच वेळ त्या रांगेपाशी उभे राहिले.

पुढे कुंड्या, शेवंती, डेलिया, निवडुंग, ऑर्किड. तळहाताएवढ्या थाळीत वर्षानुवर्षे वाढवलेले वडाचे बोन्साय. ते पाहून तात्यांना वाईट वाटले. "बिचाऱ्याला पाय पसरू दिले नाहीत," एवढेच म्हणाले. मग जपानी पद्धतीची पुष्परचना, मुलांनी काढलेली चित्रे, आणि एका बाजूला भाज्याही. एकसारखी वांगी, चकाकणारे टोमॅटो, कोबीचे गड्डे. तिथे मात्र तात्या एकदम परीक्षक झाले. पहिल्या नंबरच्या वांग्याचा देठ पाहून त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या नंबराविषयी त्यांचे मत वेगळे होते!

उलटी मोजणी

प्रदर्शनात फूल ठेवणारी माणसे वर्षभर काय करतात, हे कळले की त्या एका बाटलीकडे पाहण्याची नजर बदलते. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, फुलाची नसते. म्हणून माळी तारखेपासून मागे मोजत येतो. गुलाबाची छाटणी केल्यापासून फूल यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस फूल हवे, तर डिसेंबरच्या सुरुवातीला कात्री चालली पाहिजे. थंडी जास्त पडली, तर चार दिवस उशीर. आभाळ आले, तर आणखी वेगळा हिशेब. मुख्य कळी मोठी व्हावी म्हणून बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडायच्या. शेवंतीचे गणित निराळे. दिवस लहान होऊ लागले, की ती कळ्या धरते. म्हणून तिचा शेंडा कधी खुडायचा, याला महत्त्व. एवढे करून ऐन आदल्या रात्री वारा सुटला, की सगळे पाण्यात.

हे सगळे ऐकताना तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग आपण दसऱ्याला दुसरं काय करतो?"

खरेच होते. झेंडूचे रोप शेतात लावल्यापासून तोडा सुरू व्हायला साधारण दोन महिने लागतात. दसरा-दिवाळी पंचांगात ठरलेली. म्हणून शेतकरीही तिथीपासून मागे मोजत येतो, आणि श्रावणाच्या आसपास रोपे मातीत जातात. मोजणी तीच, कौशल्य तेच, आभाळाकडे लागलेले डोळेही तेच. फरक एवढाच, की पुण्याच्या माळ्याला एक फूल साधायचे असते आणि सेनगावच्या शेतकऱ्याला एक भाव.

तात्यांचा तो भाव एका दसऱ्याला हुकला होता. फुले उत्तम आली होती. मुठीएवढी, भगव्या रंगाची, घट्ट. कॅरेट भरून गाडी रात्रीच एका मोठ्या शहराच्या फूलबाजाराकडे रवाना झाली. पण चहूकडच्या शेतकऱ्यांनी तीच मोजणी केली होती. पहाटे बाजारात झेंडूचे डोंगर. सकाळी आठ वाजेपर्यंत थोडाफार उठाव झाला, नंतर विचारायला कोणी नाही. दुपारी सोने लुटायची वेळ झाली तेव्हा तात्या आणि गाडीवाला रस्त्याच्या कडेला कॅरेट उपडी करत होते. रिकामी कॅरेट परत आणायचे भाडे तरी वाचावे, म्हणून. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा काकूंनी दाराला झेंडूचे तोरण लावलेले होते. तात्यांनी त्याकडे वर पाहिले नाही, असे काकू सांगतात.

दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अशा ढिगांची छायाचित्रे येतात. आपण चुकचुकतो आणि पान उलटतो. त्या ढिगातले एखादे फूल उचलून बाटलीत ठेवले असते, तर त्याला नंबर मिळाला नसता असे कोणी सांगावे? आणि ते फूल पिकवणाऱ्या माणसाचे नाव मात्र कुठल्याच चिठ्ठीवर नसते. ढिगाला वजन असते, नाव नसते. प्रदर्शनातून बाहेर पडताना तात्यांनी हेच त्यांच्या भाषेत सांगितले. "इथं एका फुलाला नंबर. आपल्या तिथं गाडीभर फुलाला गिऱ्हाईक नाही."

परक्या अंगणातली पाहुणी

एका मांडवाच्या तोंडाशी पॉइन्सेटियाच्या कुंड्या रचल्या होत्या. लालभडक. नाताळच्या दिवसांत शहरांतून दिसणारे हे झाड. त्याची कहाणी फुलांच्या प्रदर्शनांच्या इतिहासात मोलाची आहे.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १८२९ मध्ये तिथल्या बागायत संस्थेने एका सभागृहात पहिले सार्वजनिक फुलांचे प्रदर्शन भरवले. तेच पुढे वाढत वाढत जगातल्या मोठ्या, छपराखाली भरणाऱ्या प्रदर्शनांपैकी एक झाले. बाहेर थंडीचा कडाका असताना ते प्रचंड सभागृहात वसंत उभा करते. कोविडच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ मध्ये तेवढे ते एका उद्यानात उघड्यावर भरले होते. लंडनमध्ये चेल्सीला १९१३ पासून भरणारे प्रदर्शन तर जगप्रसिद्धच आहे. तर त्या पहिल्या, १८२९ च्या प्रदर्शनात मेक्सिकोहून आलेले एक अनोळखी झाड लोकांना प्रथम पाहायला मिळाले. अमेरिकेचे मेक्सिकोतले प्रतिनिधी जोएल पॉइन्सेट यांनी ते पाठवलेले होते. त्यांच्याच नावाने ते पुढे जगभर गेले.

मेक्सिकोतल्या लोकांना ते झाड नवे नव्हते. त्यांच्या भाषेत त्याला नाव होते, त्याच्यापासून ते लाल रंग काढत. त्यांच्यासाठी ते रोजचेच होते. कोणीतरी ते उचलून टेबलावर ठेवले आणि खाली चिठ्ठी लावली, तेव्हा ते जगाला 'दिसले'.

या झाडाची आणखी एक मौज. आपण ज्यांना पॉइन्सेटियाच्या लाल पाकळ्या म्हणतो, त्या पाकळ्या नव्हेतच. ती रंगीत पाने आहेत. खरी फुले मध्यभागी असतात, बारीक, पिवळी, कोणाच्या खिजगणतीतही नसलेली. आपल्या फाटकावरच्या बोगनवेलीचेही तसेच. रंग पानांचा, मान फुलाला. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

आणि परक्या अंगणातले म्हणून पॉइन्सेटियाकडे बोट दाखवायचे, तर आपल्या देवघरातच पाहावे. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा. ज्याच्या वासाने लग्नाचा मांडव भरून जातो तो निशिगंध, म्हणजे आपली गुलछडी, तीही मेक्सिकोची. डेलियाही तिकडचाच. युरोपीय दर्यावर्दींनी समुद्र ओलांडल्यानंतर ही पाहुणी मंडळी आपल्याकडे आली आणि घरचीच होऊन बसली. म्हणजे परक्यांच्या बांधावरचे फूल ओळखून त्याला मखरात बसवणे आपल्यालाही चांगले जमते. प्रश्न आपल्या स्वतःच्या बांधाचा आहे.

बिनकामाचे फूल

आमच्या जिल्ह्याचे खरे सोने म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, वसमतला हळदीचे संशोधन केंद्र झाले आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते, आणि हर्राशीच्या वेळी भाव काय फुटतो यावर कित्येक घरांतली लग्ने ठरतात. मे-जूनमध्ये बेणे लावायचे, जानेवारीनंतर पाला कापून काढणीला लागायचे, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे. शेतात आठ-नऊ महिने आणि अंगणात आणखी कित्येक दिवस राहणारे हे पीक. या सगळ्या काळात शेतकऱ्याचे लक्ष असते ते जमिनीखाली.

पण भाद्रपद-आश्विनात जमिनीवरही काही घडत असते. हळदीची पाने तेव्हा कमरेच्या वर गेलेली असतात. पाने हाताने बाजूला सारली, की मधोमध, पोंग्यातून वर आलेला एक तुरा दिसतो. आकाराने मक्याच्या कणसासारखा. खाली पोपटी हिरवे द्रोण एकावर एक रचलेले. वरच्या बाजूला ते पांढरे होत जातात आणि कुठे कुठे टोकाला फिकट गुलाबी छटा येते. प्रत्येक हिरव्या द्रोणातून एक लहानसे, नाजूक पिवळे फूल डोकावते. पावसाचे पाणी त्या द्रोणांत साचून राहते. पॉइन्सेटियासारखाच प्रकार इथेही. डोळ्यांत भरतात ती रंगीत पाने. खरे फूल त्यांच्या आडोशाला बसलेले.

एवढे देखणे फूल आमच्याकडे हजारो एकरांवर येते आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. कारणही सरळ आहे. या फुलाचा शेतकऱ्याला काडीचा उपयोग नाही. हळदीला सहसा बी धरत नाही. ती वाढते कंदापासून आणि पुढच्या वर्षीचे बेणेही कंदाचेच. फळ नाही, बी नाही, तोडून विकायला भाव नाही. एखादा शेतकरी ते खुडून बांधावर टाकतो, बाकीचे तसेच वाळू देतात.

आता हे पाहा. थायलंडमध्ये हळदीचीच एक बहीण आहे. तिचा तुरा गुलाबी-जांभळा. बाजारात तिला 'सियाम ट्यूलिप' म्हणतात. ट्यूलिपशी तिचे काहीही नाते नाही, कुळ हळदीचेच. तिथल्या चैयाफूम प्रांतातल्या एका राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात ती माळभर फुलते आणि ते पाहायला माणसांची रीघ लागते. उत्तरेकडच्या चियांग माईच्या परिसरातून तिचे कंद जपानला आणि हॉलंडला जातात. फुलदाणीत ती बरेच दिवस टिकते, म्हणून फूलविक्रेत्यांची ती लाडकी. आपल्याच सह्याद्रीत पावसाळ्यात रानहळद फुलते, तेव्हा पुण्या-मुंबईची हौशी मंडळी कॅमेरे घेऊन घाट चढतात. म्हणजे हळदीचे फूल सुंदर आहे, यावर जगाचे दुमत नाही. दुमत असलेच तर आमच्या शेतात आहे, आणि तेही न पाहिल्यामुळे.

परतीच्या प्रवासात मी तात्यांना विचारले, "तात्या, तुमच्या हळदीला फूल येतं, ते कधी नीट पाहिलंय का?"

तात्या थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "पाहिलंय की. तुझी काकू गौरीपुढं ठेवायची एक. मला वाटायचं, फुकटचं हाय म्हणून ठेवते."

सेनगावात भरले तर

म्हणून एक सुचवावेसे वाटते. सेनगावात, हिंगोलीत, कळमनुरीत, औंढ्यात किंवा वसमतला, गणपती आणि दसरा यांच्यामधल्या एखाद्या रविवारी फुलांचे प्रदर्शन भरावे. एखाद्या शाळेचे सभागृह पुरे. बाटल्या घरोघरी असतात, टेबले शाळेत असतात, आणि चिठ्ठ्या लिहायला मुले असतात. वर्ग मात्र पुण्याचे नकोत, आपले असावेत.

पहिला वर्ग अर्थातच हळदीचा तुरा. दुसरा कापसाचा. कापसाचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. एकाच झाडावर दोन रंगांची फुले का दिसतात, हे कापूस वेचणाऱ्या किती घरांतल्या मुलांना कोणी सांगितले असेल? तिसरा वर्ग अंबाडीचा. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये गर्द तांबडा डोळा. तिच्याशेजारी भेंडी आणि जास्वंद ठेवावी, म्हणजे कापूस, अंबाडी, भेंडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे कोणी न शिकवताही दिसेल. चौथा तिळाचा, पाचवा दोडक्याचा. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा त्याचा निकाल दिवेलागणीला लावावा! झेंडू, शेवंती आणि गुलछडीचे वर्ग असावेतच. आणि जानेवारीत दुसरा मेळा भरवता आला, तर सकाळी उमलून दुपारी गळणारी जवसाची निळी फुले आणि काटेरी करडईची केशरी बोंडे यांची वाट पाहावी.

यावर कोणी म्हणेल, फुलांकडे बघून पोट भरते का? पडलेला भाव अशाने चढतो का? नाही चढत. झेंडूचा भाव पडू नये यासाठी करायची कामे वेगळी आहेत. लागवडीचे नियोजन हवे, साठवण हवी, फुलांपासून रंग आणि अर्क काढणारे उद्योग हवेत. ती मागणी सोडून फुलांचे कौतुक करत बसा, असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल.

पण भाव हीच शेतकऱ्याच्या कामाची एकमेव पावती असेल, तर ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी त्याचे कसबही शून्य ठरते. तात्यांनी त्या दसऱ्याला रस्त्याकडेला जे ओतले ते वाईट फूल नव्हते. ते मुठीएवढे, भगवे, घट्ट फूल होते, तिथी अचूक साधून आणलेले. ते चांगले होते, हे त्यांना त्या दिवशी सांगणारे कोणी नव्हते. बाजार वजन करतो, गुण देत नाही. गुण देण्यासाठी दुसरी जागा लागते, दुसरी माणसे लागतात. फुलांचे प्रदर्शन ही तशी जागा आहे. हे कसब पुण्याच्या माळ्याच्या हातात दिसते, तेव्हा आपण त्याला कला म्हणतो. सेनगावच्या शेतकऱ्याच्या हातात तेच दिसले, तर त्याला उत्पादन का म्हणायचे?

आणि मुलांचाही विचार करावा. आमच्याकडची पुस्तके वाचणारी मुले गुलाब, कमळ आणि ट्यूलिप यांची चित्रे रंगवतात. घरच्या हळदीला फूल येते, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. शेती सोडून जायची घाई झालेल्या पिढीला शेत हे फक्त तोट्याचे ठिकाण म्हणून आठवावे, हे बरे नाही. तिथे काही देखणेही होते, आणि ते आपल्या आजोबांनी तिथी मोजून आणले होते, एवढे तरी त्यांच्या गाठीशी असावे.

तात्यांना मी ही कल्पना सांगितली आहे. त्यांनी दोन अटी घातल्या. तिकीट ठेवायचे नाही, ही पहिली. आणि दुसरी अशी, की परीक्षक म्हणून गावातल्या चार म्हाताऱ्या बाया बसवायच्या. "गड्यांना वजन कळतं," ते म्हणाले, "फूल बायांना कळतं." हळदीच्या वर्गात काकूंना मात्र परीक्षक होता येणार नाही, हेही त्यांनी लगेच ठरवून टाकले. त्यांच्या शेतातला तुरा स्पर्धेत उतरणार आहे.